उत्तराची शीळ

१२ फेब्रुवारी. वायव्येचा वारा, समुद्र बंद.

कानात काही नाही म्हणे. एवढी बसने शहरात गेले, बाकड्यावर बसून कंबर धरली, आणि त्या कानवाल्या डॉक्टरने दिवा घालून बघितलं नि म्हणाला, "आजी, पडदे जुने झालेत, पण शाबूत आहेत." मग आवाज येतो कुठून? तर वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात, त्यांना भेटा म्हणाला. मी जिना बघितला आणि सरळ बाहेर आले. मनाच्या डॉक्टरकडे गेलेली बाई आमच्या गावात लपून राहत नाही. बसच्या ड्रायव्हरची आई आमच्याबरोबरच समुद्रात शंख काढायला बुड्या मारते.

येताना दुकानातून ही वही घेतली. वर सशाचं चित्र आहे, पोरांची वही. कुणाशी बोलायची सोय नाही तर इथं तरी ओकावं.

तर लिहिते. माल-सुन माझ्याशी बोलते. माल-सुन गेल्या ऑक्टोबरात गेली, घोडाखडकाच्या पलीकडे, खोल पाण्यात. मी त्या दिवशी मुलाकडे शहरात होते. तिचा भोपळा एकटाच वाहत आला. आता तो थर्मोकोलचा असतो, पण ज्यावर रेलून दम घ्यायचा त्याला आम्ही अजून भोपळाच म्हणतो. मग ती सापडली. चाळीस वर्षं आम्ही दोघी जोडीने पाण्यात उतरलो. नवऱ्याच्या शेजारी जितकी झोपले नसेन तितकी तिच्या शेजारी बुडाले.

आणि आता सकाळी भात लावताना ती मागून म्हणते, "पाणी जास्त झालं गं." बघावं तर झालेलंच असतं.

भीती वाटते का? नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. पण आमच्या बायकांना कळलं की ओक-जाला मेलेली बाई ऐकू येते, तर दुसऱ्या दिवसापासून मी किनाऱ्यावर शेवाळ वाळवत बसेन. जिच्या कानांचा भरवसा नाही ती पाण्यात कुणालाच नको असते. चौसष्टाव्या वर्षी मला दुसरं येतं काय?

२० फेब्रुवारी. थंडी, वारा पडला.

आज किनाऱ्यावर शेकोटीभोवतीच्या दगडी कोटात बैठक झाली. आतल्या बाजूला आम्ही खोल जाणाऱ्या, वाऱ्याकडे पाठ करून. दाराशी धूर येतो, ती नवशिक्यांची जागा. तिथं माल-सुनची मुलगी उभी होती, मिर्योंग. समुद्रापलीकडे बुसान शहरात केस कापायचं दुकान चालवायची, नवऱ्याशी फाटलं, आईच्या मौतीला आली ती परत गेलीच नाही. आईच्या घरात राहते आणि आता आईचंच काम करायचं म्हणते.

"समुद्र म्हणजे न्हाणीघर नाही, पोरी," यांग सामछुन म्हणाली. ही आमची म्होरकी, ऐंशीची आहे. आमच्याकडे वडीलधारं कुणीही असो, बाई असो की बाप्या, त्याला सामछुनच म्हणायचं.

"माहीत आहे, सामछुन."

"काय माहीत आहे? आई गिळली त्या पाण्याने तुझी."

"म्हणूनच."

यांग सामछुनने काठीने निखारे सारखे केले. "केस कापायचे सोडून शंख काढायला निघाली. हात बघा, लोण्यासारखे. ओक-जा, तुझी जोडीदार गेली आहे. हिला तू घे."

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार? आणि त्याच वेळी कानामागून अगदी स्वच्छ आवाज आला, "माझी पोर." बस, तेवढंच. चेहरा सरळ ठेवताना माझी पुरेवाट झाली. शेजारची म्हणाली, "काय गं, दाढ दुखते का?" म्हटलं हो.

९ मार्च. समुद्र शांत, ढग.

वारादेवीची पूजा झाली. पांढऱ्या कागदात भात बांधून पुड्या समुद्रात टाकायच्या, एक सागरराजाला, एक आपल्या नावाची आणि एक आपल्या घरातल्या बुडालेल्याच्या नावाची. माल-सुनचा आत्मा पाण्यातून वर काढायची पूजा अजून झालेली नाही. मिर्योंगचा भाऊ चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, तो म्हणतो असलं काही आमच्यात नको. देवऋषीण यांग सामछुनच्या कानाशी लागून म्हणाली, ती बाई अजून तिथंच आहे. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकी हळू.

सगळ्यांच्या पुड्या बुडाल्या. मिर्योंगने आईच्या नावाने टाकलेली तरंगत राहिली आणि ओहोटीबरोबर घोडाखडकाकडे गेली. सगळ्यांनी बघितलं, मग सगळ्या आपापल्या टोपल्या आवरायला लागल्या.

१५ मार्च. ऊन.

पोरीला शिकवायला सुरुवात केली. जीव नुसता मेटाकुटीला आला. डोळ्यांवरच्या काचेला वाफ धरू नये म्हणून पाला घासायचा, तो विसरते, कमरेचा वजनाचा शिशाचा पट्टा उलटा बांधते. पण दम आहे तिच्यात, हे मान्य करायला पाहिजे. आईपेक्षा जास्त आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. दम असलेली बाई हावरी होते.

शीळ मात्र येत नाही. बुडी मारून वर आलं की कोंडलेला श्वास ओठांतून सोडायचा, त्याची आपोआप शीळ होते. प्रत्येकीची वेगळी. माझी भसाडी, भांडं घासल्यासारखी. माल-सुनची लांब, शेवटी जराशी वर चढणारी. शीळ ऐकली की जोडीदारणीने शिळेनेच उत्तर द्यायचं. म्हणजे, आहे गं बाई, आहे मी. उत्तर आलं तर पुन्हा बुडायचं, नाही आलं तर शोधायचं. पाण्यात आमचा कायदा एवढाच.

मिर्योंग नुसती फुसफुसते, शिट्टी न होणाऱ्या कुकरसारखी.

"शिकवा ना, सामछुन."

"शीळ काय शिकवायची? रडणं शिकवलं होतं का कुणी? येईल तेव्हा येईल."

२८ मार्च. धुकं, दुपारनंतर ऊन.

आज पहिल्यांदा भीती वाटली.

अंगणात जाळी विणत बसले होते, भरदुपारी. माल-सुन म्हणाली, "पोरीला थोडं पुढं आण."

"कुठं पुढं?" मी मोठ्याने विचारलं. मूर्खासारखं.

"खडकाच्या पलीकडं. इथून मला ती नीट दिसत नाही."

हात थांबला माझा. भातात पाणी जास्त झालं म्हणणारी बाई वेगळी आणि ही वेगळी. आवाज तोच, बोलायची ढब तीच, तरीही. भिंतीपलीकडे शेजारीण गाजरं निवडत होती, तिने डोकं वर काढलं. "कुणाशी बोलतेस गं?" म्हटलं मांजराशी. माझ्याकडे मांजर नाही.

२ एप्रिल. शहरात.

गेले बाई शेवटी वरच्या मजल्यावर. बसमध्ये कानाला कापूस लावून बसले, ड्रायव्हरला दिसावा म्हणून.

डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची, सर्दी झालेली, सारखी नाक पुसत होती. "काय म्हणतात त्या?" तिने विचारलं.

"भातात पाणी जास्त झालं म्हणते."

ती हसली. "आणखी?"

पुढं आणायचं ते मी सांगितलं नाही. म्हटलं, अशीच काहीबाही बोलते. मग तिने समजावलं, आणि मला ते पटलं. म्हणाली, चाळीस वर्षं ज्या आवाजावर तुमचा जीव टांगलेला होता, तो एकदम बंद झाला. कान वाट बघतच राहतात. येत नाही म्हटल्यावर डोकं स्वतःच तो आवाज तयार करतं. माणूस गेल्यावर कितीतरी जणांना असं होतं, ते बोलत नाहीत एवढंच. वेड नाही हे.

"मग करू काय?"

"कानात बोटं घालून बघा. बाहेरचा आवाज असेल तर बारीक होईल. तेवढाच राहिला तर तो आतला. आतला असला तर भांडू नका, उत्तर देऊ नका, तिकडं बघू नका. हातातलं काम चालू ठेवा. उत्तर नाही मिळालं की येणं कमी होतं." रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. मग एकदम विचारलं, "तुम्ही अजून पाण्यात उतरता का?"

"छे, कधीच सोडलं," मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिनेच सोडायला लावलं असतं.

घरी आल्यावर लगेच बोटं घालून बघितली. माल-सुन म्हणाली, "हे काय नवीन?" आवाज तस्साच, एक रतीही कमी नाही. मी उत्तर दिलं नाही. तोंड दाबून भांडी घासली.

१७ एप्रिल. लाटा कमी, पाणी गार.

आज पाण्यातसुद्धा आली.

वर आले, भोपळ्यावर हात टाकला, आणि डावीकडून शीळ. लांब, शेवटी वर चढणारी. शंभरजणींत ओळखेन मी ती. रबराच्या पोशाखाच्या आत अंगावर काटा आला. डावीकडे मिर्योंग बुड्या मारत होती, म्हणजे तिच्याही पलीकडून येत असणार. आमच्यावर नजर ठेवून आहे मेली. पोर दिसते का बघते आहे.

पाण्यात बोटं कुठं घालणार? पण कानात च्युइंगम होतंच, पाणी जाऊ नये म्हणून आम्ही रोज घालतो तसं, आणि त्यावर रबराची टोपी. एवढं गच्च बंद करूनही स्वच्छ ऐकू आली, म्हणजे आतलीच. मनात डॉक्टरीणबाईला शाबासकी दिली, मान वळवली नाही, उत्तर दिलं नाही. उत्तर देणं म्हणजे, ये गं, आम्ही इथं आहोत, असं तिला सांगण्यासारखंच आहे. मी का सांगू? तेवढ्यात लांबून यांग सामछुनने हाक मारली, "चला गं, पाणी फिरलं," आणि आम्ही निघालो.

२९ एप्रिल. दक्षिणेचा वारा.

माझ्या एक लक्षात आलं आहे. मिर्योंग दुकानाचा हिशेब मिटवायला बुसानला गेली होती, ते सगळे दिवस पाण्यात शीळ आली नाही. ती परतली, पाण्यात उतरली की लगेच सुरू. म्हणजे आई लेकीच्या मागं मागं फिरते. मेल्यावरही सुटत नाही.

आज दर बुडीनंतर वाजत होती. मी दर वेळी ओठ घट्ट मिटले. माझा श्वासही नाकाने सोडते आता, चुकून शीळ व्हायला नको. छातीत दुखतं त्याने, पण चालेल.

पोरीला विचारलं, "जमली का गं शीळ?"

"जमली की. तुम्हाला काय माहीत नाही होय!" आणि हसायला लागली. बढाया मारते. मला तर अजून एकदाही ऐकू आली नाही. फुसफुसत असेल.

शेकोटीपाशी एकजण म्हणाली, "मिर्योंग अगदी आईवर गेली हं." म्हटलं, हो, नाक तेच आहे.

६ मे. पाऊस, समुद्र बंद.

गोळी लागू पडली. घरात माल-सुन येईनाशी झाली आहे. आधी शब्द तुटक झाले, मग नुसतं कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखं वाटायचं, आता तेही नाही.

सुटले म्हणायला पाहिजे. पण खरं लिहायचं तर दिवसभर रडू येतंय. ऑक्टोबरात ती मेली तेव्हा रडले नव्हते, कारण ती बोलत होती. आता मेली. आज भाताचा लगदा झाला आणि कुणी बोललं नाही. मी तसाच गिळला.

पाण्यातली शीळ तेवढी बाकी आहे. तीही जाईल.

१० मे. ऊन, छान दिवस.

मिर्योंगने जेवायला बोलावलं. बारीक माशांचं गार सूप केलं होतं, आईसारखंच, व्हिनेगर जरा सढळ. पोरीच्या तोंडावर तेज आलंय. शंखही भरपूर काढते आता. इतके शंख एवढ्याशा पाण्यात नसतात.

"खडकाच्या अंगाला जातेस काय?"

"जरासं."

"जरासं म्हणजे? तंगडी तोडीन. मी असेन तिथपर्यंतच यायचं."

"मग तेच तर करते मी," ती म्हणाली आणि माझ्या वाटीत आणखी सूप ओतलं. "खरं सांगू का, सामछुन? बुसानला दुकान गच्च भरलेलं असायचं, तरी मला एकटं वाटायचं. पाण्यात नाही वाटत. कधीच नाही."

मी फुगले. कुणाला आवडत नाही असं ऐकायला? घरी येईपर्यंत हसू ओठांवर होतं.

१५ मे.

काल लिहायला हात चालत नव्हता. आज लिहिते.

काल सकाळी पाणी काचेसारखं होतं, आणि दुपारी बघता बघता दक्षिणेकडून धुकं आलं. यांग सामछुन ओरडायला लागली, "बाहेर या गं, सगळ्या बाहेर या." मी वर आले, भोपळा धरला. मिर्योंगचा भोपळा दिसेना. कुणाचाच दिसत नव्हता म्हणा, हात लांब केला तर हात दिसत नव्हता. म्हटलं गेली असेल पुढं, किनाऱ्याकडे.

आणि तेव्हा शीळ आली. माल-सुनची. खूप लांबून, घोडाखडकाच्याही पलीकडून. मी जाळीची दोरी गुंडाळत होते, गुंडाळत राहिले. हातातलं काम चालू ठेवा. पुन्हा आली, आणखी लांबून. मी किनाऱ्याकडे तोंड केलं.

मग कानामागून, कितीतरी दिवसांनी, अगदी जवळून तोच जुना आवाज. "ओक-जा, ही मी नाही."

मी दोन्ही हात कानांवर दाबले. आवाज जराही कमी झाला नाही. "ही मी नाही गं."

म्हणजे आतला आवाज. डॉक्टरीणबाईच्या हिशेबाने खोटा. पण मग ती शीळ कुणाची? आणि त्या क्षणी मला कळलं. किती दिवस ती पोर मला हाक मारत होती आणि मी ओठ मिटून बसले होते. जोडीदारीण म्हणे.

भोपळा सोडला आणि पोहत सुटले. शीळ घातली, घसा फाटेस्तोवर घातली. उत्तर नाही. खडकाला वळसा घातला तर तिचा भोपळा धुक्यात डुलत होता, जाळी शंखांनी भरलेली, आणि ती नाही. बुडी मारली. ती खाली होती, फार खोल नव्हती, तळाकडे तोंड, हात पुढं केलेले. केसांना धरून वर ओढली. माझ्या ओरडण्यावर बाकीच्या आल्या, दोघींनी तिला उलटं धरून पाणी काढलं. यांग सामछुनने तिच्या थोबाडीत मारल्या, एकामागून एक, शिव्या देत. शेवटी खोकली.

होडी, मग गाडी, मग इस्पितळ. जिवंत आहे. छातीत पाणी आहे, पण जिवंत आहे.

१६ मे. इस्पितळात.

नळ्या काढल्या. बोलते. भाऊ विमानाने येतोय, तो यायच्या आत मला विचारायचं होतं.

"एवढ्या बाहेर का गेलीस गं?"

"तुमच्या मागं आले ना."

"माझ्या मागं?"

"तुमची शीळ पुढून येत होती. मी वाजवली की तुम्ही वाजवायचात. रोज वाजवता तशी. परवा दर वेळी थोडी पुढून यायची. मला वाटलं, तुम्हाला चांगली जागा सापडली आहे, बोलावताय."

मी पाण्याचा पेला भरला, तिला दिला, परत घेतला. गप्प बसले असते तर बसता आलं असतं. धुकं होतं, चुकामूक झाली, संपलं. पण ही पोर बरी होऊन पुन्हा पाण्यात उतरणार आणि पुन्हा त्या शिळेवर विसंबणार.

"मिर्योंग," मी म्हटलं, "मी एकदाही वाजवली नाही. परवा नाही, त्याच्या आधीही नाही. तुझी शीळ हुबेहूब आईसारखी आहे, मला वाटलं तीच वाजवते आहे. मला तुझी आई ऐकू येते, म्हणून मी डॉक्टरकडे गेले होते. तिने उत्तर देऊ नका म्हणून सांगितलं. मी महिनाभर तुला उत्तर दिलेलं नाही."

मला वाटलं, रडेल, ओरडेल, थोबाडीत देईल. द्यायलाच पाहिजे होती. मी तयार होते.

पण तिचा चेहरा हळूहळू असा उजळला की तसा मी तो तिच्या लग्नातही बघितला नव्हता.

"मग ती आई होती," ती म्हणाली. "मला वाटायचंच. तुमची शीळ एवढी गोड कुठं आहे, सामछुन?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

२२ मे. वारा.

यांग सामछुनला सगळं सांगितलं. आज ना उद्या सांगायचंच होतं. तिच्या घरी गेले, ती लसूण सोलत होती. ऐकताना हात थांबला नाही.

"मला पाण्यातून काढ," मी म्हटलं. "आणि तिलाही काढ."

"तुला काढलं तर तू ऐकशील. ती ऐकेल का? एकटी जाऊन उतरेल, रात्री-अपरात्री. मग?" तिने सालं फुंकली. "आणि ऐकू येतं म्हणून सगळ्यांना काढायला बसले तर शेकोटीला कोण उरेल? मला माझी सासू ऐकू येते अजून. मी शिवी घालते, ती जाते. तू उत्तर द्यायचं बंद करून बसलीस. शहाणीच आहेस."

"मग काय करू?"

"तिच्या शेजारी राहा. आणि आधी ती पूजा करायला लाव. माल-सुनला वर काढा, पोर सुटेल."

डॉक्टरीणबाईला फोन केला, पाण्यात उतरते हेही सांगितलं. ती चिडली, आणि मला ते बरं वाटलं. म्हणाली, घरातल्या आवाजाबद्दल बोलले होते मी, जिथं कुणाचा जीव आहे तिथं नाही. त्या मुलीला माझ्याकडे घेऊन या. मिर्योंगला विचारलं तर म्हणते, "मला कुठं काय होतंय?"

आणि पूजेचं काढलं तर भाऊ नाही म्हणेल म्हणून मी सगळी तयारी करून गेले होते. भाऊ या खेपेला हो म्हणाला. बहिणीला त्या खाटेवर बघून हादरलाय बिचारा. नाही म्हणाली ती मिर्योंगच.

"नको, सामछुन. पूजा केली तर आई जाईल."

मलाही तर गोळी घेऊन तेच झालं होतं.

२३ मे.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, यांग सामछुनलाही नाही. माल-सुन मला म्हणाली, ही मी नाही. मी तेव्हा मला ऐकू येणाऱ्या शिळेपुरतं धरलं आणि ते बरोबरच निघालं. पण पोरीला पुढून जी ऐकू येत होती, तिच्याबद्दल ती काय म्हणाली असती? त्या दिवसापासून माल-सुन एक शब्द बोललेली नाही. गोळी मी थांबवली, तरी नाही. विचारायला कुणी नाही.

१२ जून. समुद्रातल्या काटेरी गोळ्यांचा हंगाम, पाणी कोमट.

मिर्योंग पुन्हा उतरायला लागून आज आठवडा झाला. मी तिच्यापासून चार हातांवर असते. ती बुडाली की मी बुडते, ती वर यायच्या आत मी वर येते, मला काही मिळो न मिळो. जाळी रिकामी असते माझी. बाकीच्या हसतात, म्हणतात ओक-जा आता दाई झाली. होऊ दे.

ती वाजवते, आणि मी लगेच वाजवते. माझी भसाडी शीळ, भांडं घासल्यासारखी, तिच्या शिळेचं शेपूट संपायच्या आधी. मध्ये कुणाला जागाच ठेवत नाही. छाती जळते, रात्री कूस बदलवत नाही, पण हे मला जमतं, आणि जोवर जमेल तोवर ती माझ्याकडे वळेल, माझ्याकडे बघून हसेल आणि पुन्हा बुडेल.

आज माझा पाय शेवाळात अडकला. सोडवला, फार वेळ नाही लागला, पण वर आले तेव्हा ती आधीच वर होती, वाजवून झालेलं होतं. तिची पाठ माझ्याकडे होती. तोंड उघड्या समुद्राकडे, मान जरा कलती, आजीची गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखी.

मी वाजवली. ती वळली नाही. पुन्हा वाजवली, मग हाक मारली, "मिर्योंग."

"थांबा जरा, सामछुन," ती न वळताच म्हणाली.